मोबाईल रिपेअरला द्यायचाय, आतले फोटो आणि जीपे-फोनपे कसं सांभाळू?

फोन चालू होत असेल तर आधी बॅकअप घ्या, मग सिम आणि मेमरी कार्ड काढून खिशात टाका, अर्धं काम तिथेच झालं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, सेटिंगमध्ये डिव्हाइस केअरच्या खाली, तो लावला की फोन रिस्टार्ट होऊन कोरा दिसतो, तुमचे फोटो-मेसेज-अ‍ॅप काहीच दिसत नाही आणि परत यायला तुमचंच लॉक लागतं. पिक्सेलला पण रिपेअर मोड आहे. हे नसेल तर बॅकअप नीट झालाय बघून सरळ फॅक्टरी रीसेट (फोनमधलं सगळं पुसून टाकणं), पण त्याआधी गुगल अकाउंट काढा नाहीतर रीसेटनंतर फोन तुमचंच जुनं अकाउंट मागू शकतो आणि दुकानदार तिथेच अडकतो.

पिन मात्र सांगू नका. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकदा बॅटरी बदलायला दिला तर पोऱ्याने पिन विचारून टेपवर लिहिला आणि फोनच्याच पाठीवर चिकटवला, काउंटरवर असे दहा-बारा फोन पडलेले, सगळ्यांचे पिन दिसतायत!! बॅटरीला पिन कशाला हवा?

डिस्प्ले फुटून टच गेला असेल तर ओटीजीने (फोनला माऊस जोडायचा छोटा अडॅप्टर) माऊस लावून बघा, बऱ्याचदा चालतो. तेही नाही जमलं तर दुकानात समोरच बसा, चहा पीत.