‘कात्रणं मोजायला आले नव्हते मी!’

‘ताई, मास कम्युनिकेशनची पदवी घेऊन दोन महिन्यांपूर्वी एका पीआर, म्हणजे जनसंपर्क, एजन्सीत इंटर्न म्हणून लागले. वाटलं होतं, क्लायंटच्या मीटिंगमध्ये बसायला मिळेल, मोहिमा आखायला मिळतील. प्रत्यक्षात सकाळी क्लायंटच्या बातम्यांची कात्रणं, दुपारी एक्सेलमधली पत्रकारांची मीडिया लिस्ट आणि संध्याकाळी पत्रकारांना फोन, “प्रेस नोट मिळाली का?” निम्मे जण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवतात. परवा सीनियर म्हणाले, क्लायंटच्या ॲपबद्दल तुझ्या अकाउंटवरून ग्राहक म्हणून चार चांगले शब्द लिही, सगळेच लिहितात. माझं क्षेत्रच चुकलं का? – हिरमुसलेली’

प्रिय हिरमुसलेली,

कात्रणांबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि चार चांगल्या शब्दांची गोष्ट जाता जाता सांगितलीस. मला मात्र तीच सगळ्यात जास्त खटकली, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. ते लिहू नकोस. स्वतःच्या अकाउंटवरून नको आणि दुसरं नाव घेऊनही नको. तू त्या ॲपची ग्राहक नाहीस आणि वाचणाऱ्याला वाटणार की आहेस, म्हणजे ही सरळसरळ फसवणूक झाली. अमेरिकेत तर खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियमच २०२४ मध्ये लागू झाला. सगळेच लिहितात, हे कारण नव्या मुलांना नेहमी दिलं जातं आणि मला त्याचा राग येतो. नाव तुझं जातं, सीनियरचं नाही.

जनसंपर्काचा व्यवसाय नुकता उभा राहत होता, तेव्हाच हा प्रश्न पुढे आला होता. आयव्ही ली हा अमेरिकेतल्या पहिल्या जनसंपर्क व्यावसायिकांपैकी एक, मूळचा पत्रकार. १९०६ मध्ये त्यानं वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवलं. आमचं काम उघडपणे चालतं, हे गुप्त प्रसिद्धी कार्यालय नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. पुढे त्याच्यावरही टीका झाली, पण आपण कोणाच्या वतीनं बोलतो हे लपवायचं नाही, ही अपेक्षा या व्यवसायाला तेव्हापासून चिकटली आहे. तेव्हा नकार देताना आपण आगाऊपणा करतोय असं मनात आणू नकोस.

नकार साध्या शब्दांत दे. ‘सर, मी ते ॲप वापरलेलं नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून लिहिणं मला जमणार नाही. हवं तर खऱ्या ग्राहकांशी बोलून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचे अनुभव गोळा करून देते.’ एवढं बोलून थांब. पुन्हा आग्रह झाला तर मेलवर कळवायला सांग. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. नाहीच मिटला तर एचआरला सांग, आणि त्यांनीही कानाडोळा केला तर ती जागा सोड. त्यात तुझं काही बिघडणार नाही.

आता कात्रणं, लिस्ट आणि फोन. तुझी निराशा मला कळते, पण हे काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. ते तुला समजावून न देता हातात ठेवलंय, चूक आहे ती तिथे.

फोनचंच घे. पानं लावायची घाई असते त्या वेळी ‘प्रेस नोट मिळाली का?’ हा फोन आला की पत्रकार वैतागतोच. मेल आली की नाही हे त्याला स्वतःला दिसतं. त्यात त्याच्या वाचकासाठी काय आहे, हे कळायला त्याला वेळ नसतो. म्हणून फोन करण्याआधी त्याच्या गेल्या काही बातम्या वाच. तो आरोग्यावर लिहीत असेल आणि तू त्याला मोबाइलच्या लाँचची नोट पाठवली असशील, तर फोन ठेवला यात त्याचा काय दोष? जमेल तेवढं दुपारच्या आत फोन कर आणि पहिल्याच वाक्यात बातमी सांग: ‘तुम्ही मुलांच्या दृष्टिदोषावर लिहिलं होतं, त्याच विषयावर आमच्या क्लायंटकडचे नेत्रतज्ज्ञ आज बोलू शकतील.’ तरीही काही जण फोन ठेवतील, ते मनाला लावून घेऊ नकोस. पण कोण कशावर लिहितो, कोणाला मेल चालते, कोणी बीट, म्हणजे लिहिण्याचा ठरलेला विषय, बदलली, हे सगळं लिस्टमध्ये टिपत जा. अशी ताजी लिस्ट जिच्याकडे असते, तिला मीटिंगमध्ये बोलवावंच लागतं, कारण ‘ही बातमी कोण घेईल?’ याचं उत्तर तिच्याकडेच असतं.

कात्रणांचंही तसंच. किती सेंटिमीटर जागा मिळाली आणि तेवढ्या जाहिरातीचा दर काय, हा गुणाकार तुला करायला लावत असतील. जाहिरातीच्या दरानं प्रसिद्धीचं मोल ठरत नाही, हे २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये या व्यवसायातल्याच लोकांनी मान्य केलं आहे. क्लायंटला आकडा हवाच असेल तर दे बापडा, पण शेजारी आणखी एक रकाना वाढव: क्लायंटचं मुख्य म्हणणं बातमीत आलं का, की फक्त नाव आलं? महिन्याभराचा असा तक्ता सीनियरसमोर ठेव आणि तेव्हाच विचार, ‘या क्लायंटच्या पुढच्या मीटिंगला मी टिपणं घ्यायला बसू का?’ नुसतं ‘मला शिकायचंय’ म्हणण्यापेक्षा हे मागणं मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

क्षेत्र चुकलं का, ते दोन महिन्यांत ठरवू नकोस. लिहायला आवडतं का, अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का, आपली बातमी छापून आलेली पाहिली की बरं वाटतं का, एवढं स्वतःला विचार. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर खुशाल दुसरी वाट धर. हो असेल, आणि इंटर्नशिप संपेपर्यंत तुला कोणी एकही प्रेस नोट लिहू दिली नाही, तर एजन्सी बदल, क्षेत्र नको.

आणि त्या चार चांगल्या शब्दांबद्दल सीनियर काय म्हणाले, ते मला नक्की कळव.

– तुझी ताई