वायरिंग करताना एवढं ऐक

अरे, स्पर्धेच्या रोबोटच्या कोडवर महिने घालवता ना, तेवढाच जीव वायरिंगला पण लाव. मोटर ड्रायव्हरच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या बोर्डाच्या, स्क्रू टर्मिनलमध्ये वायरचं सोल्डर लावलेलं टोक घालू नकोस, सगळे ज्युनियर हेच करतात कारण दिसायला छान दिसतं, पण सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाने हळूहळू पसरतं, बॉट दोन-चार मॅच हादरला की कनेक्शन ढिलं, मग तिथेच गरम होऊन टर्मिनल वितळतं. त्यापेक्षा वायरच्या मापाचं पिन थिंबल, म्हणजे टोकावर बसणारी धातूची पिन, घे आणि क्रिंपिंग टूलनेच दाब, पक्कडीने चेपू नकोस. मग प्रत्येक वायर ओढून बघ, खरंच ओढ, निघायची तर आत्ताच निघू दे.

आमचा बॉट एकदा भर मॅचमध्ये गपगार उभा राहिला, कंट्रोलरच्या सप्लायची जंपर वायर, म्हणजे नुसती खोचायची वायर, जेमतेम मिलिमीटरभर वर आली होती, डोळ्याला दिसतही नव्हती, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. जंपर वायर टेबलावर टेस्टिंगपुरती, बॉटवर लॉकवालेच कनेक्टर लाव.

बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करताना त्याचा जोडीचा दुसरा भाग लावून ठेव, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकडी बसते. बॅटरीकडे कायम फिमेलच, म्हणजे भोकांवाला भाग. आणि वायरला कनेक्टरच्या थोडं मागे झिप टाय मार, हिसका जॉइंटवर यायला नको.