नव्या घरातील बाथरूममध्ये बाथटब घ्यावा का?

आपण कोल्हापुरात दुमजली घर बांधत आहात, वरच्या मजल्यावरील मास्टर बेडरूमला ७ बाय ११ फुटांचे बाथरूम काढले आहे, आणि त्यात बाथटब घ्यावा का व खर्च नेमका कशावर करावा, असे आपण विचारले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही घर बांधले तेव्हा माझ्या यादीतही पहिली वस्तू बाथटबच होती. शेवटी त्या जागी बसून अंघोळ करण्यासाठी दगडी कट्टा बांधला आणि मनासारखे बाथरूम मिळाले.

टब का सोडला, त्याचा हिशेब साधा आहे. हिवाळ्यात २५ लिटरच्या गिझरमधील ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या गार पाण्यात मिसळले, तर अंघोळीजोगे, म्हणजे ४० अंशांचे, पाणी जेमतेम ५० लिटर मिळते. मध्यम टबाला सव्वाशे ते दीडशे लिटर लागते, म्हणजे गिझर तीनदा तापवायचा आणि तोवर आधीचे पाणी निवत बसायचे. सोलरची मोठी टाकी असेल तर ही अडचण राहत नाही. परंतु गरम पाण्यात डुंबावेसे वाटते त्या जुलै-ऑगस्टमध्येच आपल्याकडे कित्येक दिवस सूर्य दिसत नाही.

छताला बसवायच्या मोठ्या शॉवरबाबत मात्र मी फसले. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा १० मीटर उंच असेल तेव्हा साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच उंच असते, त्यामुळे दुकानात धो धो कोसळणारा शॉवर घरी नुसता ठिबकतो. एक तर टाकी उंच स्टँडवर चढवावी, नाही तर प्रेशर पंपासाठी पाइप आणि वीज यांची सोय आत्ताच करून ठेवावी.

खरा पैसा आणि खरे लक्ष द्यायचे ते टाइल्सच्या खाली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि फरशी बसवण्यापूर्वी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवावे आणि निदान ४८ तास खालच्या खोलीचे छत रोज पाहावे; गवंडी कितीही घाई करो, हे दोन दिवस सोडू नयेत. त्यानंतर ढाळ. ८ फुटांना एक इंचाहून थोडा अधिक ढाळ ट्रॅपच्या दिशेने हवा. आमच्याकडे तो उलटा पडला, पाणी दाराशी साचू लागले आणि नव्याकोऱ्या सहा फरश्या फोडाव्या लागल्या. फरशी निवडताना दुकानदाराकडून नमुना मागून घ्यावा, त्यावर साबणाचे पाणी ओतावे आणि अनवाणी उभे राहून पाहावे. चकचकीत फरशी तिथेच बाद होते.

कोरड्या आणि ओल्या भागांत काचेचे पार्टिशन घालणार असाल तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काचच घ्या. बोअरचे पाणी वापरात असेल तर तिच्यावर पांढरे डाग पडतात आणि रोज वायपर फिरवावा लागतो. ही सवय घरात कोणालाच नसेल तर काचेऐवजी चार फुटी भिंत बरी. खिडकीवर चांगला पुढे आलेला छज्जा आणि शिवाय एक्झॉस्ट फॅन, दोन्ही हवेत, कारण आपल्या पावसाळ्यात एकट्या खिडकीने टॉवेलसुद्धा वाळत नाही.

विजेच्या गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडल्याचे बाहेर कळतही नाही.

आता कट्ट्याविषयी, कारण या बाथरूमचे सुख मला त्यानेच दिले. खडबडीत कडप्प्याचा, १७ इंच उंच, पुढच्या बाजूला किंचित उतरता, आणि बसल्या बसल्या हाताला येईल असा हँड शॉवर. एरवी सासूबाई त्यावर बसून निवांत अंघोळ करतात, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून घ्यायला नातवंडांची तिथेच रांग लागते. त्या दिवसासाठी आम्ही माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ खाली काढतो. आपल्याकडेही तसे घंगाळ असेल तर कट्ट्याची जागा आखण्यापूर्वी त्याचा व्यास मोजून घ्या. मी मोजला नव्हता. आमचे घंगाळ तीन इंचांनी मावत नाही आणि दर दिवाळीला ते कमोडच्या बाजूला ठेवावे लागते.