नोकरी बदलणारा मुलगा आणि हप्त्यांत विभागलेला पगार

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. गेल्या चार वर्षांत त्याने तीन नोकऱ्या बदलल्या. पगार चांगला आहे, पण घर घेण्याचे नाव काढत नाही. प्रवासावर मात्र सढळ हाताने खर्च करतो. मी एकाच संस्थेत ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो. या पिढीला उद्याची चिंताच नाही का? त्याच्याशी कसे बोलावे?

उत्तर : आपली काळजी मला समजते, पण तिचे जे कारण आपण दिले आहे ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तरुणपणी नोकऱ्या बदलणे ही आजच्या पिढीने पाडलेली प्रथा नव्हे. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील तरुण कामगारांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातली माहिती तर त्याच्याही कितीतरी आधीची होती. कामाच्या पहिल्या दहा वर्षांत तिथला सर्वसाधारण तरुण सात नोकऱ्या करत असे, आणि त्या काळातील त्याच्या पगारवाढीपैकी किमान एक तृतीयांश वाढ नोकरी बदलताना पदरात पडत असे.

बदलले आहे ते टिकून राहण्याचे फळ. आपण ३४ वर्षे एका जागी राहिलात, कारण राहण्यात अर्थ होता. सेवेची वर्षे वाढतील तसे निवृत्तिवेतन वाढत जाई आणि मध्येच सोडणाऱ्याचे मोठे नुकसान होई. गेल्या काही दशकांत अनेक देशांतल्या मालकांनी ही हमी काढून घेतली आणि तिच्या जागी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाचे खाते आणले, ज्यात दरमहा ठरलेली रक्कम जमा होते आणि नोकरी सुटली तरी पैसा त्याचाच राहतो. बाजार पडला तर तोटाही त्याचाच. २००८ च्या आर्थिक संकटात आणि २०२० च्या महासाथीत वर्षानुवर्षे निष्ठेने काम केलेली माणसे एका दिवसात घरी पाठवली गेली, हे आपल्या मुलाच्या पिढीने आपल्याच घरांत पाहिले आहे. त्यानंतर ती कोणत्याही संस्थेवर आयुष्य सोपवायला तयार नसेल, तर त्याला बेफिकिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

घराबाबतही तेच. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये १९८१ नंतर जन्मलेल्या पिढीची तुलना आधीच्या पिढ्यांशी, त्या याच वयाच्या असतानाच्या स्थितीशी केली. आवडीनिवडींत फारसा फरक असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. फरक होता तो उत्पन्नात आणि मालमत्तेत, आणि दोन्ही या पिढीकडे कमी होते. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत घरांच्या किमती पगारांपेक्षा वेगाने वाढल्या, तर विमानाचे तिकीट आणि फोन त्या मानाने आवाक्यात आले. जे हाती लागण्यासारखे आहे त्यावर माणूस खर्च करतो. मुलाने प्रवास टाळला असता तर घर झाले असते, असे आपण मनात धरले असेल तर एकदा कागदावर आकडे मांडून पाहा; वर्षभराच्या प्रवासखर्चातून घर घेताना सुरुवातीला भरायच्या रकमेचा किती थोडा भाग भरून निघतो, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

मात्र एका गोष्टीबाबत मी आपल्या बाजूने आहे. हमी नसलेल्या काळात बचत लवकर सुरू करावी लागते, आणि अनेक तरुण नेमके तेच पुढे ढकलतात. दरमहा तीच रक्कम वर्षाला आठ टक्के दराने साठवत गेले, तर पंचविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याकडे साठाव्या वर्षी जी पुंजी जमते, ती पस्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याच्या पुंजीच्या दुपटीहून अधिक असते. म्हणून ‘घर कधी घेणार?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा आणि ‘सहा महिने पगार आला नाही तर तुझे कसे चालेल?’ एवढेच विचारा. पहिल्या प्रश्नाला तो वाद घालील. दुसऱ्याला उत्तर देताना त्याला स्वतःच हिशेब करावा लागेल.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. मोठा खर्च काहीच करत नाही, तरी महिन्याच्या विसाव्या दिवशी खाते रिकामे होते. बिनव्याजी हप्ते घेण्यात काही चूक आहे का?

उत्तर : हीच तक्रार घेऊन माझा एक तरुण सहकारी आला होता, तेव्हा त्याच्या खात्याचा उतारा घेऊन आम्ही दोघे बसलो. दरमहा आपोआप वळते होणारे अकरा खर्च निघाले. त्यांपैकी चार सेवा त्याने कित्येक महिन्यांत उघडल्याही नव्हत्या, आणि एक तर मोफत चाचणी म्हणून घेतलेली, बंद करायची राहून गेलेली होती. याशिवाय पाच खरेद्यांचे हप्ते चालू होते. एकेक हप्ता क्षुल्लक होता, पण सगळे मिळून पगाराचा पाचवा हिस्सा तो हातात येण्याआधीच ठरून गेलेला होता.

बिनव्याजी हप्त्यांचा हिशेब समजून घ्या. स्टॉकहोममध्ये २००५ साली सुरू झालेली क्लार्ना किंवा २०१४ मधील ऑस्ट्रेलियाची आफ्टरपे यांसारख्या, अशा हप्त्यांची सोय देणाऱ्या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न विक्रेत्याकडून घेतलेल्या शुल्कातून येते. किंमत चार तुकड्यांत दिसली की ग्राहक अधिक खरेदी करतो, म्हणून विक्रेता ते शुल्क आनंदाने भरतो. तेव्हा ही सोय कोणाच्या फायद्यासाठी रचलेली आहे, हे ध्यानात असू द्या. ऑस्ट्रेलियाने जून २०२५ पासून अशा हप्त्यांना कर्जाच्या कायद्याखाली आणले, ते मला योग्य वाटते, कारण हे कर्जच आहे. एक हप्ता संपल्याखेरीज दुसरा घेऊ नका, आणि आपोआप होणारी सगळी देणी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वळती होतील अशी तारीख मागून घ्या. उरलेला आकडा हाच आपला खरा पगार.

प्रश्न : मी विद्युत उपकरणे विकतो. तरुण ग्राहक हल्ली दुरुस्तीविषयी आणि वापरलेल्या वस्तूंविषयी विचारतात. ही तात्पुरती लाट आहे का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, धुलाईयंत्र अशा वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले, म्हणजे ग्राहकाच्या या प्रश्नाला कायद्याचा आधार मिळू लागला आहे. हेच तरुण स्वस्त कपडे मात्र चार वेळा वापरून टाकून देतात, हेही खरे, म्हणून सगळे श्रेय पर्यावरणप्रेमाला देऊ नका. पुन्हा विकता येईल अशी वस्तू त्यांना हवी असते, कारण विकून आलेले पैसे पुढच्या खरेदीत धरलेले असतात. आपण सुटे भाग ठेवा, दुरुस्तीची लेखी हमी द्या, आणि जुनी वस्तू परत घेण्याची किंमत विक्रीच्या वेळीच सांगा.