गायनवृंदाची तालीम वेळापत्रकात घालून घ्या

तुम्ही लिहिलंय की महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पाश्चात्त्य संगीत शिकवता, मुलांचा गायनवृंद उभा केलात आणि आता अनुभवाचा दाखला मागितल्यावर कार्यालय म्हणतं, वृंदाचं काम 'सांस्कृतिक कार्यक्रमात' मोडतं. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

संस्थेचं नाव घेत नाही. तिथल्या आस्थापना विभागाने माझ्या दाखल्यात फक्त वर्गातले तास धरले, तालमी सगळ्या गाळल्या. का, तर वेळापत्रकात त्या नव्हत्या! तालमीत काय चालतं हे बघायला एकजण कधी फिरकला नाही. गोव्यातल्या सासष्टीतली मुलं चर्चमध्ये सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, शिकून आलेली असतात; त्यांचा 'दो' म्हणजे कायम पेटीची पांढरी एक पट्टी. फोंड्याची, डिचोलीची मुलं भजन-नाट्यगीतावर वाढलेली; त्यांचा सा गाण्याप्रमाणे सरकतो. रचना पांढरी दोनमधली निघाली की एकाचा 'रे' तोच दुसऱ्याचा सा. हा गुंता सोडवल्याशिवाय आल्तो (बायकांचा खालचा आवाज) आणि टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) एकमेकांत मिसळत नाहीत. त्याआधी वृंदाच्या संचालकाने स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या स्वरलिपीत, चारही आवाजांचे श्वास पेन्सिलीने खुणावलेले असतात ते वेगळंच. हे अध्यापन नाही तर काय आहे? इतकी वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही.

म्हणून पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत तालीम 'प्रात्यक्षिक' म्हणून वेळापत्रकात घालून घ्या. नेमणुकीच्या आदेशात आठवड्याचे तास, मानधन आणि निवड समितीचा उल्लेख हवाच. प्राचार्य कितीही भले असोत, तोंडी आश्वासनावर थांबू नका. माणसं बदलतात, फाईल राहते.

एक मात्र स्पष्ट सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत आधीची तात्पुरती सेवा पुढे धरायची तर मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं, अशीही अट आहे. तासिकेच्या मानधनावर ती पुरी होणं कठीण. तेव्हा पदोन्नतीच्या भरवशावर राहू नका, दाखला मुलाखतीसाठी जपा. मी वकील नाही, नियम बदलत असतात, मूळ अधिसूचना स्वतः वाचा.

नेटचा, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षेचा, विचार असेल तर आधी अभ्यासक्रम उघडून बघा. हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत, तालवाद्य, सगळा भर तिकडे. वृंदसंचालन शिकलेल्याला त्यात जागा नाही, आणि हा मला आपल्या क्षेत्रावरचा उघड अन्याय वाटतो.

गोवा विद्यापीठात माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादक-संगीत संयोजकाच्या नावाचं अध्यासन आहे. त्यावर अर्जेंटिनाचे वृंदसंचालक सांतियागो लुसार्दी गिरेली आले आणि विद्यापीठाचा गायनवृंद उभा राहिला, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण अध्यासन पाहुण्या प्राध्यापकासाठी असतं. तुम्हाला हवं आहे कायम पद, त्याची जाहिरात वेगळी निघते.

तुमच्या सध्याच्या आदेशात आठवड्याचे तास लिहिलेत का, तेवढं कळवा. नसतील तर अर्जाचा मसुदा इथेच देतो.