सिमच्या सेसनाला काटे कुठले लावायचे?

प्रश्न: नमस्कार सर, कॉलेज सांभाळून रात्री फ्लाइट सिम उडवतो. सेसना 172 डाउनलोड केलंय, गोल काटेवाले डायल एकदम चकाचक आहेत, पण मित्र म्हणतो हे सगळं नकली, सरळ स्क्रीनवालं जी1000 घे. खरं पॅनल ओळखायचं कसं? आणि हार्डवेअर पॅनल घेऊ का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: अरे, जी1000 पण खरं आणि काटे पण खरे, नवी 172 स्क्रीन घेऊनच येते आणि जुन्या काटेवाल्या अजून ढिगानं उडतायत. शिकायला मात्र काटेच घे. आणि चकाचकपणावर जाऊ नको, खऱ्या विमानात प्रत्येक काट्याला एकेक खोड असते, ती पॅनलात उतरलीय का ते बघ.

हेडिंग इंडिकेटरच घे ना, म्हणजे विमानाची दिशा दाखवणारा डायल. आत व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने ओढलेल्या हवेवर फिरणारा जायरो (भोवऱ्यासारखं चाक) असतो, तो हळूहळू सरकत जातो (यालाच ड्रिफ्ट म्हणतात), म्हणून पायलट दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ ठेवून तो कंपासशी जुळवून घेतात. तू दाबोळीहून उड, किनारा धरून काणकोणपर्यंत जा, परत ये, आणि मध्ये नॉबला हातच लावू नको. येताना सरळ उडताना दोन्ही अजून अंशाला अंश जुळत असतील तर डायल नुसता शोभेचा, नाहीतर सेटिंगमध्ये जायरो ड्रिफ्ट बंद असेल, ते आधी बघ हं, उगाच बनवणाऱ्याला शिव्या नको.

व्हीएसआय, म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा डायल, पण तसाच, नाक उचलल्यावर चढण्याचा नेमका वेग दाखवायला त्याला सहा ते नऊ सेकंद लागतात, लगेच बरोब्बर आकडा दाखवला तर समज गडबड आहे.

एअरस्पीड, म्हणजे वेगाचा डायल, सोपं. 172 एस मॉडेलला डायलवरची पांढरी पट्टी 40 ते 85, हिरवी 48 ते 129 आणि लाल रेषा 163 नॉटवर. जुळत नसेल तर दुसऱ्याच मॉडेलचा डायल चिकटवलाय, जुन्या 172 मध्ये तर मैलाचे आकडे असायचे.

अल्टिमीटरला, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या डायलला, मात्र वेळ दे. अमेरिकन डायलच्या खिडकीत प्रेशर इंचात, 29.92 म्हणजे 1013 हेक्टोपास्कल, आणि आपल्याकडे टॉवर हेक्टोपास्कल सांगतो, त्यामुळे दोन्ही आकडे दाखवणारा मिळाला तर तोच घे. पावसाळ्यात लाइव्ह वेदर लावलंस, बाहेर समज 1004 आहे आणि खिडकीत 1013 च राहिलं, तर काटा खऱ्यापेक्षा साधारण अडीचशे फूट जास्त दाखवणार, आणि मोपाच्या पठारावर ढगातून उतरताना अडीचशे फूट म्हणजे काय ते कळेलच तुला.

शेवटी सिममध्ये व्हॅक्यूम फेल करून बघ. ॲटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारा) हळूहळू कलंडायला हवा, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारा) विजेवरचा असल्यामुळे चालूच राहायला हवा.

हार्डवेअर पॅनल एवढ्यात नको, तेच पैसे आधी रडर पेडलला घाल.