एनएएस बंद पडला आणि माउंट अडकला, सर्व्हर रीबूट न करता सोडवता येतो का?

म्हणजे तुमचं असं झालंय की ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एनएएसचं (नेटवर्कवर फाईली साठवायच्या डब्याचं) फोल्डर एनएफएसनं (नेटवर्कवरनं फोल्डर वाटायची पद्धत) माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं, एनएएस गचकला, आता डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं की टर्मिनल तिथंच अडकून बसतं, यूमाउंट (माउंट सोडवणारी कमांड) पण बसतं, आणि त्याच सर्व्हरवर बिलिंग चालू असल्यानं रीबूट करता येत नाही. सुटतं हे, बहुतेक वेळा. (मोबाईलवरनं लिहितोय आणि मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळं कमांडी पण मराठीतच, समजून घ्या.)

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांची नेटवर्कची कामं बघतो, इकडं हे नेहमीचंच आहे, लाईट जाते, सर्व्हर यूपीएसवर असतो आणि एनएएस मात्र डिझाईनवाल्याच्या टेबलाखाली साध्या बोर्डाला लावलेला.

आधी एक करा, डीएफ आणि एलएस मारणं थांबवा. प्रत्येक वेळी अजून एक प्रोसेस जाऊन अडकते, लोड ॲव्हरेज (सर्व्हरवरच्या भाराचा आकडा) चढत जातं आणि सीपीयू मात्र रिकामा, कारण लिनक्स डी स्टेटमधल्या (डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या) प्रोसेस पण लोडमध्ये धरतं. त्या फोल्डरच्या पाथवर टॅब दाबला तरी शेल अडकतो. काय माउंट आहे ते बघायचं तर /प्रोक/माउंट्स ही फाईल कॅटनं वाचा, ती अडकत नाही. डीएफ लागलंच तर -एल लावून, म्हणजे फक्त लोकल डिस्का बघतं.

अडकतं का, तर एनएफएसचा माउंट डिफॉल्टनं हार्ड असतो. एनएएस "नाही" म्हणाला असता तर गोष्ट वेगळी, पण तो गप्पच आहे, आणि हार्ड माउंट म्हणजे गाडी रद्द झाल्याचं कुणी सांगितलंच नाही म्हणून फलाटावर बसून राहिलेला पॅसेंजर. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग" दिसेल, ते खरंच ट्राय करत असतं, कायमचं.

म्हणून सगळ्यात सोपा उपाय क्लायंटवर (म्हणजे आपल्या लिनक्स सर्व्हरवर) नाहीच, एनएएस त्याच आयपीवर परत चालू करा. पिंग आलं म्हणजे झालं असं नाही, एनएफएसचा पोर्ट २०४९ उघडलाय का बघा. तो आला की अडकलेलं सगळं आपोआप पुढं सरकतं, अर्धवट राहिलेलं लिहिणं सुद्धा पूर्ण होतं. "स्टेल फाईल हँडल" (फाईलची जुनी ओळख आता चालत नाही) आलं तर मात्र यूमाउंट करून परत माउंट करावं लागतं.

एनएएस येणारच नसेल तर पीएसमध्ये (प्रोसेसची यादी) स्टेट आणि डब्ल्यूचॅन (प्रोसेस कशावर थांबलीय ते) कॉलम काढून बघा कोण कोण अडकलंय. आरपीसी वेट बिट किलेबल असं दिसलं तर किल -९ नं मरतं. कर्नल २.६.२५ च्या आधी हे बहुतेक वेळा होत नव्हतं म्हणून जुनी माणसं अजून "डी स्टेट मरत नाही" म्हणतात. मग यूमाउंट -एफ मारा, ते अडकलेल्या रिक्वेस्टी तोडायला बघतं, एकदा नाही झालं तर दोन-तीनदा मारा.

तरी हटत नसेल तर एक जुगाड आहे, मला लई आवडतो. मेलेल्या एनएएसचा आयपी आपल्या लिनक्स सर्व्हरच्या एलओ (लूपबॅक, स्वतःशीच बोलायच्या) इंटरफेसवर /३२ नं (म्हणजे फक्त तो एकच आयपी) लावायचा. आता गप्प राहण्याऐवजी "इथं कुणी नाही" असं उत्तर लगेच येतं, आणि मग यूमाउंट -एफ बऱ्याचदा चालून जातं. पण काम झाल्याबरोबर तो आयपी काढा बरं का, नाहीतर एनएएस चालू झाल्यावर सर्व्हर स्वतःलाच एनएएस समजत बसेल आणि तुम्ही स्विच बदलत बसाल.

यूमाउंट -एल सगळे पहिल्यांदा सांगतात, मी शेवटी सांगतो. त्यानं माउंट नजरेआड होतो, बास. अडकलेल्या प्रोसेस तशाच राहतात, आणि तेच एक्सपोर्ट (एनएएसनं वाटलेलं फोल्डर) त्याच ऑप्शन्सनी परत माउंट केलं तर कर्नल आतला जुनाच माउंट वापरायला घेऊ शकतो आणि नवीन पण अडकतो. तेव्हा माउंट करताना नोशेअरकॅश ऑप्शन देऊन बघा. तातडीनं डीएफ आणि बॅकअपची स्क्रिप्ट मोकळी करायची असेल तर मारा -एल, पण रोग बरा झाला असं समजू नका.

आणि हो, कुणीतरी म्हणेल हार्डऐवजी सॉफ्ट माउंट लावा, टाइमआउट झाला की एरर येऊन मोकळं होतं. वाचायच्या डिझाईन फाईलींना ठीक आहे. बिलिंगचा डेटा तिथं लिहिला जात असेल तर अजिबात नको, मधेच एरर आली आणि प्रोग्रॅमनं ती बघितली नाही तर फाईल अर्धवट राहते. त्यापेक्षा ऑटोएफएस लावा, लागेल तेव्हाच माउंट होतं आणि वापर नसला की सुटतं, म्हणजे रात्री एनएएस पडला तर अडकायला माउंटच नसतो.

एनएफएसचं व्हर्जन ३ आहे का ४, आणि /प्रोक/माउंट्समधली ती एक ओळ टाका इथं, बघून सांगतो.